मांडवात न गेलेली माशीखाऊ

सत्तरच्या दशकात मी नागपुरात फुलं विकत होतो. सुरुवात सायकलवर केली होती, आता स्वतःचा गाळा होता. पण मोठ्या घरच्या लग्नाची अख्खी सजावट काही हाती लागत नव्हती. एका हिवाळ्यात ती लागत आली. प्रताप नगरातला एक धान्यव्यापारी मुलीच्या लग्नाचं काम द्यायला तयार झाला.

दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी दाखवायचं, म्हणून मी माशीखाऊ मागवली. भिवापूरकडे धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, ओलसर कडेला उगवणारं हे झाड. रुपयाएवढं, लाल, जमिनीला चिकटलेलं. पानांवर चिकट थेंब चमकतात. चिलट बसलं की अडकतं आणि झाड ते पचवतं. तिकडची एक बाई ती झाडं खुरप्यानं मातीसकट काढून, पळसाच्या पानांत गुंडाळून छोट्या रेल्वेगाडीनं आणायची. पितळेच्या तबकात मांडली की लाल चांदण्या पसरल्यासारख्या दिसत.

ते तबक आणि शेवंतीची एक टोपली घेऊन मी व्यापाऱ्याच्या घरी गेलो. त्यानं तबक पाहिलं. "गवतच तं आहे हे. याचे काय पैसे?"

भाव पाडायची ही रीत मला ठाऊक होती. मीही तीच वापरायचो. तरी डोकं फिरलं. "गवत? जिवंत माश्या धरून खाते हे! आहे नागपुरात कोणापाशी?"

मागे त्याची आई बसली होती. त्या घरात कांदासुद्धा शिजत नसे. तिनं चष्मा लावला आणि तबकावर वाकली. एका पानावर चिलटाचे पाय दिसत होते.

"काहून आणलं हे? देवकाच्या दारात मांस खाणारं झाड ठेवतेत काय गा?"

"आजी, हे परत नेतो. शेवंती तरी..."

"तुही शेवंती याच्याच संगं आली ना? ने सारंच."

व्यापाऱ्यानं तबक माझ्याकडे सरकवलं. काम दुसऱ्याला गेलं.

झाडं आणणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमाले बोलाले कोणं सांगतलं होतं? ते झाड पाहा, गुमान बसते, अन् माशी आपसूक येते."

मी तिच्यावरही ओरडलो. ती हसली आणि रिकामी टोपली घेऊन स्टेशनकडे निघाली.

माझं म्हणणं आजही तेच आहे. झाडात दोष नव्हता, शेवंतीत तर मुळीच नव्हता. नंतर मांडववाला सांगत होता, त्या लग्नाच्या पंगतीत माश्या इतक्या होत्या की जिलबी झाकून वाढावी लागली. मी त्याला ते दोनदा सांगायला लावलं.