झुंबरबाईचं लाल बियाणं

सातगाव पठारावरची झुंबरबाई म्हणजे लई हट्टी बाई. बटाट्याचं बियाणं लावणार ते घरचंच, विकतचं दारात येऊ द्यायची नाही. तेही लाल सालीचं. नवरा जानकू लग्नाच्या साली कुठून तरी घेऊन आला होता, तेव्हापासून दोघांनी ते पोरासारखं जपलं. उन्हाळ्यात जानकू आंब्याखाली आरण लावायचा, म्हणजे सावलीत बटाट्याची रास रचून वर पालापाचोळा घालायचा. ती रास दुसऱ्या कुणाच्या हातानं कधी टिकली नाही.

गेल्या दिवाळीत जानकू गेला. त्याची आठवण म्हणून बाईजवळ हे बियाणं तेवढं राहिलं. आरण लावायला आता कोण? पुतण्या ज्ञानेश्वरनं पोती पिकअपमध्ये टाकली आणि काकीला घेऊन कोल्ड स्टोरेज गाठलं.

तो गाडी मागं घेत होता, तेवढ्यात तिथल्या माणसानं बाईला विचारलं, "आजी, बियाण्याचा का खायचा?"

आता हिचा जुना नेम! परक्यापुढं बियाण्याला बियाणं म्हणायचं नाही, नजर लागते. सासूनं शिकवलेलं, जन्मभर पाळलेलं. पटकन बोलून गेली, "खायचाय, बाबा."

झालं! पोती गेली खायच्या बटाट्याच्या खोलीत. तिथं कोंब फुटू नये म्हणून औषधाचा धूर सोडतात.

जूनमध्ये पोती घरी आली. बटाटा कालच काढल्यासारखा टणक, गुळगुळीत. कोंबाचा पत्ता नाही. "गारठ्यानं निजलाय, मातीत गेला की उठंल," म्हणत तिनं सगळाच्या सगळा लावला. थोडा मागं ठेवावा, हेही सुचलं नाही बिचारीला. शेजारची रानं हिरवी झाली, हिचं रान उघडंच राहिलं. उकरून बघितलं, तर बटाटा होता तस्साच.

ज्ञानेश्वर भडकला. स्टोरेजवर जाऊन भांडून आला आणि दारातूनच ओरडला, "काकी, त्यो मानूस खोटारडा हाय! औषध दिल्याला बटाटा उगवत न्हाई म्हनतो, आन वर म्हनतो, तुमच्या काकीनंच खायचा सांगितला. सोडत न्हाई मी त्याला!"

झुंबरबाई चुलीपुढं बसली होती. गप्प राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"त्याला काय बोलू नगं, ज्ञानू," ती म्हणाली. "म्याच म्हनले तसं. नजर लागू नये म्हून." पदर तोंडाशी धरून ती हमसून हमसून रडायला लागली. "त्यांचं एवढंच व्हतं रं माज्यापाशी. त्ये बी म्याच मारलं."