मेनपाशी बसवलेले बाबा

माझे बाबा वायरमन. टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यांवर लाईट आली तेव्हा बऱ्याच घरांतलं फिटिंग त्यांनीच केलं. सत्तरी ओलांडली आणि त्यांना विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा रस्ता. एकदा परसातल्या मोरीवर आंघोळीला गेले ते माळशेजच्या रस्त्यावर एका ढाब्यासमोर सापडले, कमरेला नुसता टॉवेल. त्यानंतर आम्ही पडवीच्या कोपऱ्याला भिंत घालून घरातच बाथरूम केलं.

खिडकीला जागा नव्हती. पत्र्याखाली गवंड्याने एक गोल भोक तेवढं ठेवलं होतं. गरम पाण्याची वाफ आतच कोंडायची. दोनतीन महिन्यांत भिंती बुरशीने काळ्या झाल्या, बाबांचा खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, हवा खेळती ठेवा. मी मुरबाडला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. एका शनिवारी येताना सहा इंची एक्झॉस्ट फॅन घेऊन आले. वायरमनला रविवारी यायला सांगितलं होतं.

बाबांनी खोकं उघडलं. बोटाने पातं फिरवून बघितलं. "वायर किती आणलीस? बोर्डापासून भोकापर्यंत धर, वर हातभर जास्ती धर." कित्येक महिन्यांत ते असं बोलले नव्हते. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे.

"वायरमन उद्या येणार आहे, बाबा."

"घरात वायरमन असताना बाहेरचा कशाला गो?"

त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते सांगणार आणि मी करणार असं ठरलं. मी त्या वायरमनला फोन करून नको म्हणून सांगितलं. मला वाटलं, कामात लागले तर कदाचित सगळंच थोडं थोडं परत येईल. मी तसं खरंच धरून चालले होते.

रविवारी आई शेजारी पापड लाटायला गेली आणि आम्ही सुरुवात केली. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. लाल वायर स्विचमधून ने, काळी सरळ, हिरवी अर्थिंगला. टेस्टर लावल्याशिवाय तांब्याला हात लावू नको.

"फ्यूज काढलास? काढून खिशात ठेव. ज्याचा जीव त्याच्या खिशात."

"आता फ्यूज नाय, बाबा. हे मेनचं बटन खाली पाडलं की झालं."

ते त्यांना आवडलं नाही. "मंग मेनपाशी माणूस बसव."

घरात आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची आणली, मेनखाली ठेवली आणि त्यांना बसवलं. "तुम्हीच बसा. कुणाला हात लावू देऊ नका."

"नाय लावू देत," ते म्हणाले.

मी स्टुलावर चढले. टेस्टर लावला, काही नाही. फॅन भोकात बसवला, स्क्रू आवळले, वायर सोलली. तासभर तरी गेला असेल. मधे दोनदा हाक मारली, दोनदा ओ आली. लाल वायरचं तांबं बोटांनी पिळत होते तेवढ्यात हात कुणीतरी खांद्यापासून ओढून धरावा तसा झाला. सोडता येईना. तोंडातून आवाजही निघाला नाही. स्टूल कलंडलं म्हणून सुटले. पडले ती बादलीवर.

डोळे उघडले तर बाबा दारात उभे. चेहरा खुललेला.

"आली ना लाईट?"

"तुम्ही चालू केलीत?"

"मंग? पंखा बंद, सगळीकडं अंधार. लोकं कधीची खोळंबलीत." दुसऱ्याच्या घरचं काम आटोपल्यावर म्हणायचे तसं म्हणाले, "घ्या, झालं."

मी उठून मेन बंद केला. दोन बोटांची कातडी पांढरी पडली होती. भीती वाटली ती नंतर, हात धुताना. रडू आलं ते मात्र विजेच्या धक्क्याने नाही.

आई आली, बोटं बघितली, मोकळी खुर्ची बघितली. "आता हेच राह्यलं व्हतं," एवढंच म्हणाली. जेवताना बाबांनी विचारलं, "हाताला काय झालं गो?"

"चुलीवर भाजलं."

"खोबरेल लाव. जपून काम करावं."

दोन दिवसांनी नको म्हटलेला वायरमनच आला. पन्नाशीचा माणूस, हे काम तो बाबांच्याच हाताखाली शिकलेला. तो बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला विचारलं, "तुमी कुठले, पाव्हणं?" त्याने गाव सांगितलं, अर्ध्या तासात काम उरकलं. जाताना मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, मेनला पेटी बसवून कुलूप घालू का?" मी हो म्हटलं. तो कुलूप बसवत होता तेव्हा बाबा समोरच बसले होते.

फॅन चांगला चालतो. पण त्याचा आवाज सुरू झाला की बाबा बाथरूममध्ये पाय टाकत नाहीत. आत कुणीतरी आहे म्हणतात, दाराची चौकट धरून ठेवतात. आईने दोनदा समजावलं, एकदा ओढलं, मग सोडून दिलं. आता ती फॅन बंद ठेवून त्यांना आंघोळ घालते. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध बदललं आहे. रात्रभर खोकतात ते खोकतातच.

परवा आई म्हणाली, "काढून टाक तो पंखा. पाली शिरतात त्यातून." पुढच्या रविवारी काढते म्हणून मी सांगितलं आहे.