गौतमीची पँट आणि सम्राटचं स्थळ

वढू बुद्रुकला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं मशीन आहे. ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश, यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. त्यामुळे २००३ साली शेजारच्या चांगदेवाची गौतमी कागदात गुंडाळलेली निळी पँट घेऊन आली आणि म्हणाली, कुशामावशी, कमरेत जरा आत घ्या, तेव्हा मी आधी दाराची कडी लावली. जसं काही आम्ही दोघी मिळून दरोडा घालणार होतो.

पोरीला सणसवाडीच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. गाड्यांना लागणाऱ्या वायरी रंग बघून एकत्र बांधायच्या. आयटीआय करून, लेखी परीक्षा देऊन तिने ही जागा मिळवली होती. सहा महिने कच्ची, मग पक्की. कच्चेपणी चार दिवस जरी घरी बसली तरी नाव कापणार. तिच्या आईची, जाईबाईची, अट एकच होती की पँट गावात दिसता कामा नये. मग गौतमी पहाटे पंजाबी ड्रेस घालून कोरेगावच्या फाट्यावर जायची, कंपनीची बस धरायची, तिथे जाऊन कपडे बदलायची आणि येताना पुन्हा बदलायची.

सगळं झाकता येतं, पण धुतलेले कपडे कुठे वाळवणार? जाईबाई ती पँट आणि आकाशी शर्ट अंगणातल्या दोरीवर टाकायची. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, हे कुणाचं? ती बोलून गेली, सम्राटचं.

सम्राट म्हणजे गौतमीचा थोरला भाऊ. चांगदेवाने मोठ्या आशेने नाव ठेवलं होतं. बारावीला दोनदा बसून उठल्यावर त्याचं राज्य पानटपरीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत पसरलं होतं. पण दोरीवर कंपनीची पँट वाळायला लागली आणि त्याचे दिवस पालटले. लोक त्याला बसायला जागा द्यायला लागले. सोसायटीचे चेअरमन पोपटराव, ज्यांनी आमच्या आळीत कधी पाण्याचा घोट घेतला नाही, त्यांनी भररस्त्यात गाडी थांबवून विचारलं की आमच्या भाच्याला कुठे चिकटवता येईल का. सम्राट म्हणाला, बघतो. शिफ्ट, लाइन, ओटी हे शब्द तो बहिणीकडून जेवताना शिकला होता आणि बाहेर चांगले वापरत होता. दिवसा तो टपरीवर कसा, असं कुणी विचारलं की रात्रपाळी आहे म्हणायचा. झोपेल तेव्हा रात्रपाळी, हे तसं खरंच होतं.

दिवाळीनंतर वरवंडहून स्थळ आलं. मुलीचे वडील हौशीराम दौंडला रेल्वेत होते, मुलगी तेजश्री बी.ए. झालेली. हौशीरामांनी जयभीम केला, पाणी घेतलं आणि मुलाकडे बघायच्या आधी दोरीजवळ जाऊन पँटचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. कापड पसंत पडलं, त्यामुळे मुलगाही पसंत पडला. पाव्हण्यांना दाखवायला कंपनीच्या ड्रेसमधला एक फोटो तेवढा पाठवा, म्हणाले.

ती पँट पुन्हा माझ्याकडे आली. या खेपेला सम्राट घेऊन आला आणि म्हणाला, कमरेत जरा सैल करा. गौतमीची कंबर सव्वीस, याची चौतीस. मी म्हणाले, बाबा, मी शिंपीण आहे, जादूगार नाही. शेवटी शर्ट कसाबसा चढवला आणि फोटो कमरेच्या वरचाच काढला. फोटो छान आला, खोटं कशाला सांगू.

पण हौशीराम रेल्वेतला माणूस. तारीख धरायच्या आधी एकदा कंपनीच्या गेटवर येऊन जातो, असा त्यांनी निरोप धाडला. तेव्हा जाईबाईला हक्कसोड आठवला.

आमच्याकडे बाप गेला की बहिणी शिरूरला कचेरीत जातात आणि जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून देतात. त्याला हक्कसोड म्हणतात. सही केली की एक साडी आणि जेवण मिळतं. केली नाही तर माहेर संपतं. मीही केली होती. पोपटी साडी मिळाली, पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. जाईबाईला वाटलं, नोकरीही घरातच आलीय, म्हणजे ती घराची. पोरगी आज ना उद्या परक्या घरी जाणार, तर जागेवर भावाचं नाव लावायला काय हरकत आहे? ती वाईट बाई नव्हती. तिने जन्मभर हेच होताना पाहिलं होतं.

सम्राटने शिरूरला एका टायपिंगवाल्याकडून स्टॅम्पपेपरवर मजकूर करून आणला. 'सदर नोकरी मी माझ्या सख्ख्या भावास कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने सोडून देत आहे.' गौतमीने परोपरीने सांगितलं की कंपनी असं काही मानत नाही, हा कागद दिला तर ते राजीनामा समजतील, मग मलाही नाही आणि दादालाही नाही. पक्की व्हायला दहा दिवस उरले होते. पण सम्राट म्हणाला, स्टॅम्पवर लिहिलेलं सरकारलाही मानावं लागतं.

रविवारी दुपारी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. चांगदेव ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. तो फरशीकडे बघत बसला होता. जाईबाईने चहा दिला आणि कागद पुढे केला. साक्षीदाराची जागा खाली होती, तिथे मी सही केली. शेजारधर्म म्हणून केली, असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

मग पेन गौतमीच्या हातात गेलं. तिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मला विचारलं,

"मावशी, तुम्ही भावाला लिहून दिलं, तवा खुशीत व्हता का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, भावाने तर नाहीच. मी म्हणाले, "न्हाई."

तिने पेनला टोपण लावलं. "मंग मी तरी खोटं कशाला लिहू? हितं स्वखुशीनं लिहिलंय. मी न्हाई खूश."

जाईबाई रडायला लागली, भावाचा संसार मोडतेस म्हणाली. सम्राटने स्टॅम्प वाया गेल्याचं दुःख केलं. चांगदेव पाण्याची वेळ झाली म्हणून किल्ली घेऊन निघून गेला. आमच्याकडे पाणी सकाळी येतं.

दुसऱ्या दिवशी गौतमीने कंपनीतून निघताना कपडे बदलले नाहीत. निळी पँट, आकाशी शर्ट, गळ्यात फोटोचं कार्ड, अशी फाट्यापासून गावातून सरळ चालत आली, पोपटरावांच्या ओट्यासमोरून. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण चाल कमी केली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी वरवंडला पोचली.

हौशीरामांचा फोन आला. माणूस सभ्य, रागावले नाहीत. सम्राटचं राहू द्या, म्हणाले, पोरगीच आमच्या पुतण्याला द्या, कामसू दिसतीय. फक्त नोकरी सोडावी लागंल, बाकी काही अट न्हाई. गौतमीने नको म्हणून कळवलं. आठवड्याने त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. तेजश्री होती. तिने हळू आवाजात विचारलं, तुमच्याकडं भरती कवा निघती?

गौतमी पक्की झाली. सम्राटने कंपनी सोडली, असं तो टपरीवर सांगतो. मॅनेजमेंटशी जमलं नाही म्हणे.

तो स्टॅम्पपेपर जाईबाईने टाकला नाही. सरकारी कागद फेकायचा नसतो, म्हणून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. त्यावर सही एकच आहे, ती माझी. गौतमी अजून माझ्याकडे कपडे टाकते, बसते, चहा घेते, पण त्या सहीबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.