एका अक्षराचे मोजणीदार

कुणी चार वेद पाठ केले असतील, कुणी दहा भाषा शिकला असेल, पण एकाच अक्षराचा ध्यास घेऊन त्यापायी येणारी-जाणारी प्रत्येक रेल्वेगाडी वेठीला धरणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. त्यांचं अक्षर होतं ‘ना’. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं साखळी ओढून मामा निवृत्त झाले, तेव्हा रत्नागिरी तालुक्यातला एकही बांध त्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता आणि एकाही माणसाला त्यांच्या तोंडून ‘हो’ ऐकल्याचं आठवत नव्हतं. मामी विचारायच्या, ‘भेंडी करू का?’ मामा म्हणायचे, ‘ना.’ ‘मग पडवळ?’ ‘ना.’ ‘मग करू तरी काय?’ ‘भेंडी.’ अख्खं ‘नाही’ म्हणण्यात त्यांना जिभेची उधळपट्टी वाटे. कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आला तरी आधी ना, मग बसायला खुर्ची, मग चहा, आणि लग्नाच्या दिवशी मामा नवरदेवाच्याही आधी मांडवात हजर. त्यांच्या ‘ना’वर थोडं थांबायचं असतं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीलाही ते ठाऊक असणारच. पण पुण्याहून येऊन तिने सांगितलं, की बरोबर शिकलेल्या कण्णूरच्या मल्याळी मुलाशी मला लग्न करायचंय, त्या दिवशी थांबण्याइतका धीर तिच्यात नव्हता. मामा म्हणाले, ‘ना.’ ती वाट बघत उभी राहिली. मामा पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत गेली, नोंदणी लग्न करून कण्णूरला राहायला गेली. मामींना तिची पत्रं येत राहिली, मामांना एकही आलं नाही. कोकण रेल्वे नुकतीच थेट केरळपर्यंत धावू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतर महिन्याभरात मामांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘ना : मूळ, हद्द व कब्जा’. आपल्या तोंडून गेलेल्या त्या एका शब्दाला जगात कुठेतरी दुसरा, बरा अर्थ असेल, या आशेने हा सगळा उद्योग चालला होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मामी तेवढ्या वैतागून म्हणायच्या, ‘जळलं मेलं ते अक्षर! एक पोस्टकार्ड टाकलं असतंत तर काम भागलं असतं.’

शब्द आणि जमीन यांत मामांना काडीचा फरक दिसत नसे. कब्जा एकाचा, मूळ मालक भलताच आणि वारस तिसऱ्याच गावात. आपला ना, बंगाल्यांचा ना आणि इराण्यांचा ना हे एकाच घराण्यातले भाऊबंद, फार जुन्या काळी वाटण्या होऊन पांगलेले. पण बाकीच्यांचा सर्व्हे नंबरच वेगळा, असं ते ठणकावून सांगत. नोंदीचे नियमही खात्यातलेच. ज्याच्या घरात शब्द बोलतात त्याच्याच तोंडून तो ऐकायचा, नाव-गाव लिहायचं, सही घ्यायची आणि खाली साक्षीदाराची सही. साक्षीदार अर्थात मी. गावात नेट कॅफे निघाला तेव्हा मी हौसेने म्हणालो, ‘मामा, तिथे बसल्या जागी शंभर भाषा मिळतील.’ मामांनी माझ्याकडे बनावट सातबारा बघावा तसं बघितलं. ‘ना. त्या पेटीला आई आहे का, जावईबापू? मग ती बोलायला कुणाकडून शिकली?’

तेव्हा दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून मामा स्टेशनवर येत. लांब पल्ल्याची गाडी थांबली, की छत्री बगलेत मारून एकेका खिडकीशी जायचं आणि विचारायचं, ‘आपके यहाँ ना का मतलब क्या?’ पांढरा सदरा, हातात वही आणि तो करडा आवाज यांमुळे लोक आधी तिकिटंच पुढे करत. एका कुटुंबाने तर काही न विचारता जादा सामानाबद्दल माफी मागितली. एका तमिळ मास्तरांनी जुन्या कवितेतला ना म्हणजे जीभ, असं स्वतःची जीभ बाहेर काढून समजावलं. गोव्याला निघालेल्या एका रशियन बाईंना प्रश्न काही कळेना. मामा आपले ‘ना? ना?’ करत उभे. शेवटी त्या हसल्या आणि ‘ना!’ म्हणून त्यांनी बिस्किटांचा अख्खा पुडा मामांच्या हातात कोंबला. मामा चिडले. आपण भिकारी वाटलो, असं त्यांचं मत झालं. मग शेजारच्या प्रवाशाने खुलासा केला, की कुणाला काही देताना त्यांच्यात ‘ना’ म्हणतात, म्हणजे ‘घे’. मामांनी तिथेच एक बिस्किट खाल्लं, एक मला दिलं आणि नोंद केली. पुण्यात शिकणारा टांझानियाचा एक मुलगा भेटला, त्याच्याकडे ना म्हणजे ‘आणि’. त्या दिवशी मामा घरी येईपर्यंत माझा खांदा दाबत होते. ‘बघा जावईबापू, त्यांच्यात ना म्हटलं की बोलणं तुटत नाही हो. पुढे चालू होतं!’

एकदा लांज्याजवळ हायवेच्या कामावर तेलुगू मजूर आलेत असं कळलं, म्हणून आम्ही तिकडे गेलो. खडी वाहणाऱ्या एका बाईला मुकादमाने मामांचा प्रश्न समजावला. तिने पाटी खाली ठेवली, झाडाला बांधलेल्या झोळीतलं मूल उचललं आणि त्याला छातीशी धरून म्हणाली, ‘ना बिड्ड.’ मुकादम म्हणाला, ‘माझं लेकरू, म्हणते. ना म्हणजे माझं.’ मामांनी वही उघडली आणि तशीच मिटली. अंगठा घ्यायचा राहिला, माझी सही राहिली. मामा छत्री बगलेत मारून सरळ स्कूटरकडे चालू लागले. मला त्यांची इतकी कणव आली, की वाटेत चहाला थांबू या का, हेही मी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांत वही भरत आली. एक पान मात्र कोरं होतं, मल्याळमचं. गाड्या मल्याळी माणसांनी भरून जात होत्या आणि हे नेमके त्या खिडक्या टाळून पुढे जायचे. मी एकदा न राहवून विचारलं. मामा म्हणाले, ‘त्या पानाचा माणूस ठरलेला आहे. तो येईल तेव्हा येईल.’ माणूस येणार कसा, हे बोलायची सोय नव्हती.

शेवटी मामींनीच सूत्रं हाती घेतली. एके दुपारी त्यांनी मामांच्या ताटाशेजारी कण्णूरची दोन तिकिटं ठेवली. ‘मी लेकीकडे जातेय. तुमचं तिकीट रद्द करून टाकू का?’ मामा वरणभात कालवता कालवता सवयीने म्हणाले, ‘ना.’ ‘बरं,’ म्हणून मामी बॅग भरायला उठल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईला प्रश्न कसा घालावा हे पक्कं समजलेलं होतं.

पुढचं मामींनी सांगितलेलं. गाडीत रात्रभर मामा वही उघडून पुटपुटत होते. लेकीला काय काय सांगायचं, कोणता अर्थ आधी, कोणता नंतर, याची तयारी चालली होती. सकाळी दार लेकीनेच उघडलं. मामा उंबऱ्याबाहेर उभे, वही हातात, चष्मा नाकावर. आधी कोणता अर्थ, ते वहीत शोधू लागले. मग एकदम म्हणाले, ‘चुकलं गो माझं.’ लेक म्हणाली, ‘उन्हात काय उभे राहिलात बाबा, आत या आधी.’ मामांनी वही पिशवीत टाकली ती परतीपर्यंत बाहेर काढली नाही. मल्याळी जावयाला अर्थ विचारायचाही राहून गेला. चार दिवसांसाठी गेलेले मामा सव्वा महिना राहिले.

पुढच्या हंगामात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मामा पडवीत हापूसच्या पेट्या भरत होते. मी म्हटलं, ‘मामा, एवढा खटाटोप केलात, आणि तिला दाखवलंत काहीच नाही?’ ते आंबा न्याहाळत म्हणाले, ‘तिला दाखवून काय करू? पण एक झालं हो. इतक्या खिडक्यांशी गेलो, कुणी मला हाकललं नाही. परकी माणसं इतकं ऐकून घेतात, मग पोटची पोर का नाही घेणार, असं वाटायला लागलं.’ पेटीत त्यांनी पेंढा पसरला, त्यावर एकेक फळ देठ वर करून मांडलं. मी झाकण धरून बसलो होतो. पेटी भरली तेव्हा ते म्हणाले, ‘पाच हंगाम तिने घरचा आंबा खाल्ला नाही, जावईबापू.’ आणि आधीच भरलेल्या त्या पेटीत आणखी एक आंबा बसतो का, ते बघू लागले.