कॅप्टनची चकती

मला धावणारी माणसं आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई मनात ठेवून बोलते. मी मनात काही ठेवत नाही, सगळं तोंडावर असतं.

धावण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे क्लबवाले! रविवारी उजाडायच्या आत मैदानाच्या कोपऱ्यात जमायचं, गुडघ्यांवर स्प्रे मारून मारून हवा नासवायची, घामट पंजे एकमेकांच्या पंजावर आपटायचे, केळ्याची सालं जिथल्या तिथं टाकायची आणि मग बसायचं मोबाइलवर आपलेच फोटो बघत. फोटोपुरतं पोट आत, फोटो झाला की परत जागेवर. शी! आणि या मंडळींची ओली जॅकेटं नि पिशव्या राखत मी बसायची, कारण माझी धाकटी जाऊ त्या क्लबात होती.

आम्ही एकाच घरात. वरच्या मजल्यावर ती आणि माझा दीर, खालच्या खोलीत मी, सासूबाई आणि माझं शिलाईचं मशीन. धाकटी दातांच्या दवाखान्यात कामाला. लोकांच्या तोंडातून निघालेले चिमटे, आरसे, सुया धुवायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या, पाकिटात बंद करायच्या. खुर्चीवरचा माणूस चूळ भरून थुंकला की ते भांडं घासायचं. मला नुसतं ऐकून घास उतरत नसे. "तुला कसं गं चालतं?" विचारलं तर म्हणायची, "ताई, दाढ दुखतेय म्हणून थुंकतात हो बिचारे. मुद्दाम थोडंच?" अशी ही बाई. कुणाचंही काहीही पोटात घालायची.

धावायला लागली तीसुद्धा कामासाठीच. दवाखाना लांब, बस वेळेवर नाही, म्हणून पळत जायची. एकदा डॉक्टरांनी गाडीतून पाहिलं. डॉक्टर म्हणजे तिचे साहेब, आणि तेच क्लबाचे कॅप्टन. म्हणाले, "रविवारी क्लबात ये." साहेबांना नाही कोण म्हणणार? पण खरं सांगते, तिला ते आवडलं. घरी सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी लागलीय." भावजी पेपराआडून म्हणायचे, "धाव, पण चहा ठेवून धाव." रस्त्यावर तिला चहा ठेव म्हणणारं कुणी नव्हतं.

क्लबात तिचं नाव पडलं इंजिन. कारण तिचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. पुढे ही, मागे रांगेनं हे डबे. वारा हिच्या तोंडावर, आणि वेळ त्यांची चांगली. शेवटचं वळण आलं की डबे हिला ओलांडून पुढे पळायचे आणि हात उंचावून रेषा पार करायचे. आयत्या बिळावर नागोबा! आणि वर म्हणायचे, "इंजिन आहे म्हणून क्लब आहे हं." शब्दांना काय खर्च येतो?

वर्षअखेरच्या सुट्ट्यांत आमच्याकडे दर रविवारी एक शर्यत असते. सगळ्या शर्यती पूर्ण करणाऱ्याला शेवटी ताटलीएवढं पदक मिळतं. त्या पदकासाठी ही मंडळी काय काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येकाला एक प्लॅस्टिकची चकती देतात, ती बुटाला बांधायची. शेवटच्या रेषेवर रबरी पट्टा टाकलेला असतो. चकती त्याच्यावरून गेली की टूं वाजतं आणि मोठ्या पडद्यावर तुमचं नाव आणि वेळ झळकते. आता चकतीला काय कळतंय पाय कुणाचा ते? कुणाला रात्रीची उतरली नाही, कुणाकडे पाहुणे आले, की त्याची चकती दुसऱ्याच्या बुटाला. याला ते 'पार्सल' म्हणतात. खदाखदा हसत म्हणतात! माणसं कोण, तर एक वकील, एक बँकेतला साहेब आणि एक मुख्याध्यापक, जो शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांना बाकावर उभं करतो. पार्सलं वाहायची कुणी, तर बहुतेक वेळा धाकटीनं.

या वर्षी मात्र ती डॉक्टरांकडे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, सगळ्या शर्यतींत तुमच्यापुढे धावते, पण शेवटची मला माझी धावू द्या. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांत पहिली येणारीचं नाव कार्यक्रम संपेपर्यंत पडद्यावर ठेवतात. तेवढंच तिला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "अगं, त्यात विचारायचं काय? दिली तुला."

त्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती खाली माझ्याकडे आली, शर्टाला क्रमांकाचा कागद टाचून घ्यायला. "ताई, नीट टाचा हं. उद्या फोटो निघेल." सासूबाईंना सांगून झालं होतं, भावजींना सांगून झालं होतं. भावजी पेपर खाली ठेवून "बरं" म्हणाले होते. आमच्या घरात हे खूप झालं.

सकाळी मैदानावर गेलो तर डॉक्टर लंगडत आले. गुडघा धरला होता म्हणे. पण लंगडेपणा आमच्यापुरता होता, मघाशी चहाच्या टपरीकडे तुरुतुरु गेलेले मी पाहिले होते. आले ते सरळ धाकटीच्या पायाशी वाकले आणि तिच्या डाव्या बुटाला स्वतःची चकती बांधायला लागले. लेसनं नाही, प्लॅस्टिकच्या पट्टीनं, जी एकदा आवळली की कात्रीशिवाय सुटत नाही.

"डॉक्टर, आजची माझी होती," धाकटी म्हणाली.

"तुझीच आहे की. तुझी चकती उजव्या पायाला, माझी डाव्या. तू पहिली ये, तुला कोण अडवतंय? माझं फक्त पदक चुकायला नको."

मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, देवानं तुम्हाला पाय दिलेत ते काय गाडीचा ब्रेक दाबायला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या खांद्यावर थापटलं आणि म्हणाले, "उद्या दवाखान्यात लवकर ये. रुग्ण जास्त आहेत." बस, एवढंच. धाकटीनं मान खाली घातली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझ्या नावाच्या खाली त्यांचं नाव येणार, ताई. तीच वेळ. लोक म्हणतील साहेबांनी हिला ओढत आणली." आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मी पिशव्या घेऊन शेवटच्या रेषेपाशी दोरीला टेकून बसले. पलीकडे तंबूमागे डॉक्टर. धावायचे कपडे, छातीवर क्रमांक, सगळं शिस्तीत. धाकटी यायची वेळ झाली तसं त्यांनी काय केलं सांगू? बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. मग थोडं काखेत, थोडं छातीवर, शर्ट घामानं भिजल्यासारखा दिसेल असं हातानं चोळून पसरवलं. आणि मोबाइलच्या आरशात पाहून धापा टाकायची तालीम केली. कसली किळस आली मला! गर्दीत शिरून फोटोला उभं राहायचं, एवढंच त्यांचं धावणं.

आणि वळणावर धाकटी दिसली. बायकांत पुढे कुणी नाही. बऱ्याच मागे दुसऱ्या क्लबाची एक बाई, शाळेत खेळ शिकवणारी. मी उठून ओरडायला लागले. माझा आवाज मशीनवर बसून बसून दबलेला, पण त्या दिवशी फुटला. "ये गं, ये! आलीस!"

आली, आणि पट्ट्याच्या अलीकडे थांबली.

लोकांना वाटलं चक्कर आली. कुणी "पाणी, पाणी" करतंय, कुणी "अहो बाई, पुढे या" म्हणतंय. ती खाली बसली आणि डाव्या बुटाची ती पट्टी ओढायला लागली. नखांनी ओढली, दातांनी ओढली. पट्टी कसली तुटतेय! मागची खेळाची बाई जवळ येत होती. मी ओरडले, "अगं सोड ते, उठ!" तिनं ऐकलं नाही. लेस सोडली, बूट पायातून काढला आणि तिथंच रस्त्यावर ठेवला. तेवढ्यात खेळाची बाई शेजारून गेली, टूं वाजलं, पडद्यावर तिचं नाव लागलं. त्यानंतर माझी धाकटी उठली आणि एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी पट्टा ओलांडून आली. पडद्यावर तिचं नाव आलं. दुसरी. खाली दुसरं कुणाचं नाव नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पुरतं आलं नाही, कारण तेवढ्यात तंबूमागून कॅप्टन सुटले. गुडघा कुठला नि काय कुठलं! दोरीखालून वाकून आत शिरले, पट्ट्याअलीकडे पडलेला तो घामानं चिंब झालेला बायकी बूट उचलला आणि हातात धरून पट्ट्यावरून धावत गेले. टूं! पडद्यावर नाव. माइकवाल्यानं नाव वाचलं आणि आरोळी ठोकली, "आणि हे आले आपले कॅप्टन!" कॅप्टननी सवयीनं हात उंच केला. हातात बूट. फोटोवाल्यानं फोटो काढला.

माणसं हसत होती. आणि क्लबवाले? टाळ्या वाजवत होते! तो वकील, तो मुख्याध्यापक, सगळे. चोर ते चोर आणि वर वाजंत्री.

डॉक्टर तिच्याजवळ आले. बूट पुढे केला. "हा घे. काय तमाशा केलास! दोन पावलं टाकली असतीस तर पहिली होतीस. उद्या दवाखान्यात बघतो मी."

धाकटीला अजून धाप लागलेली होती. तिनं बुटाकडे पाहिलं, त्यांच्या ओल्या केसांकडे पाहिलं, पण हात काही पुढे केला नाही.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "पदक मिळालं की त्याच्या गळ्यात घाला. धावलाय तो."