सुचेताबाईंची बिनरिळाची काठी

सुचेताबाई भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, हे मला कुणी सांगितलं नसतं तरी कळलं असतं. त्यांच्यापाशी पाच मिनिटं बसलं की माणूस आपोआप गप्प होतो. मी सोडून. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण बोलण्यात मला कुठल्याही डॉक्टरनं अजून थांबवलेलं नाही.

मी लंडनात क्रॉयडनला मुलीकडं, शिल्पाकडं राहतो. सुचेताबाईंचं घर कुंपणापलीकडं. बाई मूळच्या कणकवलीजवळच्या, नदीकाठच्या. चौऱ्याहत्तर साली इंग्लंडात आल्या, तीस वर्षं इथल्या दवाखान्यात लोकांना झोपवलं आणि जागं केलं. यजमान पुरुषोत्तमराव पुण्याचे, कौन्सिलातून रिटायर झालेले, अंडंसुद्धा न खाणारे. आणि बाईंना नाद कसला, तर मासे धरण्याचा.

गाडीनं तासाभरावर चुनखडीच्या टेकड्यांतून निघालेली एक नदी आहे. नदी म्हणजे काय, आमच्याकडं तिला ओढा म्हटलं असतं. पण पाणी असं की तळाचा खडा न् खडा मोजून घ्या. त्यात ट्राउट नावाचा ठिपक्याठिपक्यांचा मासा. त्या काठावर एका क्लबचा ताबा. मोजके मेंबर, आणि आत शिरायला माणसं वर्षानुवर्षं रांगेत. बाईंनाही फार वाट बघावी लागली होती. तिथं जाऊन गळावर गुंडाळलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकायची, मासा फसला की जाळीत घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"परत सोडायचा?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं. "मग धरता कशाला?"

"आबा, तुम्ही दिवसभर गोष्टी सांगता," बाई म्हणाल्या. "त्या कुणाला विकता का?"

तर २००९च्या फेब्रुवारीत लंडनभर बर्फ पडलं, बसासुद्धा बंद झाल्या, आणि सुचेताबाई दूध आणायला म्हणून निघाल्या त्या गेटपाशी घसरल्या. डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पंजा काही पूर्वीसारखा झाला नाही. कप उचलला की कलायचा, बोटांत दोरा धरला की सुटायचा. उजवा हात ठणठणीत होता, पण त्यांच्या त्या इंग्रजी काठीला दोन्ही हात लागतात. उजव्यानं काठी फेकायची, डाव्यानं दोरी ओढत राहायची, रीळ फिरवायचं. एप्रिलात सीझन सुरू झाला. बाई चार वेळा गेल्या आणि दोरीचा गुंता घेऊन परत आल्या.

आता क्लबचा नियम असा, की सीझनमध्ये निदान एक मासा मेंबरनं स्वतः धरून, स्वतःच्या जाळीत घेऊन, पाण्यात सोडलेला असला पाहिजे. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. नाही जमलं तर सप्टेंबरच्या तीस तारखेला जागा जाणार रांगेतल्या पुढच्या माणसाला. सेक्रेटरी गॉर्डन हा भला गृहस्थ, पण नियम म्हणजे नियम. बाईंना तो म्हणाला, "मला वाईट वाटतं, डॉक्टर." बाई म्हणाल्या, "वाटू नको देऊस. सप्टेंबर लांब आहे."

मग त्या इंटरनेटवर बसल्या. जपानात म्हणे डोंगरातले लोक बिनरिळाच्या काठीनं ट्राउट धरतात. तेंकारा म्हणतात त्याला. लांब, लवचिक काठी, शेंड्याला थेट दोरी बांधलेली, दोरीला एक माशी, संपलं. एका हाताचं काम. त्यांनी मला फोटो दाखवला.

"अहो, हा तर गळ!" मी म्हणालो. "बांबूला दोरा बांधला की झालं. आमच्या गावात गुराखीसुद्धा..."

"आमच्या पण गावात," बाई म्हणाल्या. "चिव्याच्या, बारक्या बांबूच्या काठीचा. मी सात वर्षांची असताना."

अस्सल जपानी काठी मागवायची तर ती अमेरिकेहून येणार, कधी येणार पत्ता नाही. म्हणून ऑगस्टात बाईंनी दुकानातली सगळ्यात स्वस्त काठी आणली. दुर्बिणीसारखी एकात एक जाणारी, समुद्रावर पोरं नेतात तसली. आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचं ऑपरेशन मांडलं. मी खुर्ची ओढून बसलो, असली संधी कोण सोडतो.

आधी रीळ बसवायचा चाप काढला. मग दोरी ओवायच्या कड्या. त्या गोंदानं बसवलेल्या होत्या. किटलीच्या वाफेवर धरलं की गोंद मऊ पडायचा आणि कडी फिरवून निघायची. काठी मी धरली, कड्या त्यांनी काढल्या. शेंड्यावरची शेवटची कडी निघाली तेव्हा तिथं सुईएवढं टोक उरलं. त्याला दोरी बांधायची तर आधी विणलेल्या गोफाचा बोटभर तुकडा चिकटवावा लागतो. गुळगुळीत टोकावर नुसती गाठ राहत नाही. तसला गोफ घरात नाही, दुकान बंद.

बाई उठून बाहेरच्या खोलीत गेल्या आणि कात्री घेऊनच परत आल्या. मागोमाग पुरुषोत्तमराव.

"अगं, ती माझी राखी आहे!"

"अहो, पौर्णिमा होऊन दहा दिवस झाले."

"सुनीतीनं पुण्याहून पोस्टानं पाठवलीय! आणि तू ती माशाला बांधणार? श्रावणात?"

"माशाला नाही, काठीला. गोंडा तुम्हाला ठेवते."

रेशमी गोफ, पिळाचा, लालभडक. टोकावर चढवून फेव्हिकॉलच्या इंग्रज भावानं चिकटवला आणि वरून बारीक दोऱ्यानं आवळला. पुरुषोत्तमराव गोंडा हातात घेऊन टीव्हीपुढं जाऊन बसले.

दोरी मात्र बाईंनी विकत आणली नाही. शिवणाचा दोरा घेतला, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि उजव्या तळव्यानं मांडीवर वळत गेल्या. बायका देवाच्या वाती वळतात, अगदी तशी. बुडाला जाड, पुढं निमुळती. मेण चोळलं. मी म्हणालो, आमच्याकडं बैलाचं दावं वळायला तीन गडी लागायचे. बाई म्हणाल्या, "ट्राउट बैलाएवढा नसतो, आबा."

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही तिघं नदीवर गेलो. पुरुषोत्तमरावांनी थालीपिठांचा डबा घेतला होता आणि नदीकडं पाठ करून बसले होते. गॉर्डनही आला. काठी बघून म्हणाला, "याला क्लबात बंदी आहे का, ते मला बघावं लागेल." थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "नाही. कुणाला सुचलंच नव्हतं."

बाईंनी काठी उघडली. एकाच हातानं मागं, त्याच हातानं पुढं, आणि माशी पानासारखी पाण्यावर उतरली. डावा हात खिशात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पाण्यात तोंड दिसलं आणि काठी वाकली.

आता इथं काय झालं ते नीट ऐका. बाई वीस वर्षं इंग्रजी पद्धतीनं मासे धरत होत्या. मासा लागला की त्याला पळू द्यायचं, दमवायचं, हळू जवळ आणायचं, सगळं त्यांना पाठ. पण हातात बिनरिळाची काठी आली आणि हात गेला कणकवलीला. तिथं मासा लागला की एकच काम: जीव खाऊन काठी वर उपसायची आणि मासा डोक्यावरून मागं काठावर फेकायचा, नाहीतर तो गेला. बाईंनी तेच केलं. ट्राउट पाण्यातून निघाला, आमच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या काटेरी झाडात जाऊन लोंबकळायला लागला.

माझ्या चुलत्यानं एकदा असाच मासा उपसला होता. तो रस्त्यानं चाललेल्या बैलगाडीत पडला आणि गाडीवान मागं न बघता घेऊन गेला. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. गॉर्डन झाडाकडं बघत होता. बाई काठीकडं बघत होत्या. शेंड्याचं कांडं तडकलं होतं. तेवढ्यात मासा गळातून सुटला, उतारावरून उड्या घेत गेला आणि आपण होऊन पाण्यात पडला.

"हा हिशेबात धरायचा का?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर," गॉर्डन म्हणाला, "हा जाळीत नव्हता. हा झाडात होता."

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "हात आवरता येईल. पण मासा जवळ आल्यावर जाळी कुठल्या हातानं धरायची?" खरी अडचण ती होती. उजव्या हातात काठी. काठी डाव्यात द्यावी तर पंजा धरत नाही.

तडकलेलं टोक त्यांनी बोटभर कापलं आणि गोफ पुन्हा चिकटवला. काठी भिंतीला टेकवून ठेवली ती पंधरा दिवस तशीच. पुरुषोत्तमराव दबकत म्हणाले, "राहू दे आता. आपण ब्रिज शिकू."

मग एका दुपारी मी कुंपणाशी उभा होतो. बाई धुणं वाळत घालत होत्या. ओल्या कपड्यांची टोपली डाव्या कमरेवर, कोपराच्या कवेत, आणि उजव्या हातानं चिमटे लावत होत्या. विहिरीवरून भरली कळशी आणतात ना, तशी टोपली धरलेली. पंजा नुसता लोंबत होता, त्याला काही कामच नव्हतं. अर्धा टॉवेल घालून बाई थांबल्या. टोपलीकडं बघितलं.

"अहो!" त्यांनी घरात हाक मारली. "काठी आणा! आणि ते नळाच्या पाइपवर घालायचं फोम राहिलंय ना, ते पण!"

काठीचं बूड बारीक आणि गुळगुळीत होतं, कवेत ठरत नव्हतं. त्यावर फोमची नळी चढवली, वरून क्रिकेटच्या बॅटीचं रबर. आता बूड चांगलं जाडजूड झालं. बाई रोज बागेत उभ्या राहायच्या. काठी कोपराच्या कवेत, कमरेला दाबलेली, उजव्या हातात जाळी. शेंड्याला पुरुषोत्तमराव दोरी ओढायला. शाकाहारी माणूस ट्राउट झाला होता.

"आणखी जोरात ओढा!"

"अगं, मासा एवढा ओढतो का?"

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही त्याच्याकडं पाठ करून बसता."

तीस सप्टेंबरला पाऊस भुरभुरत होता. गॉर्डन मागं हात बांधून दूर उभा. दुपारपर्यंत काही नाही. पुरुषोत्तमराव यावेळी नदीकडं तोंड करून बसले होते, थालीपीठ हातात तसंच.

चारच्या सुमाराला काठी वाकली. बाईंचा खांदा वर उसळला, मी बघितलं. आणि तिथंच थांबला. मासा वर गेला, खाली आला, शेवाळात शिरला, निघाला. बाई त्याच्यामागं दोन पावलं चालल्या. मग काठी मागं कलती केली, बूड कोपराच्या कवेत घेतलं, कमरेला दाबलं, आणि उजव्या हातानं पाठीवरची जाळी काढून पाण्यात धरली. मासा जाळीवरून एकदा निसटला. दुसऱ्यांदा आत आला.

पुरुषोत्तमराव उठून धावले.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात त्या अशाच ओरडत असणार. ते जागच्या जागी थांबले, थालीपिठासकट.

गुडघ्यावर बसून बाईंनी गळ सोडवला, जाळी पाण्यात तिरकी केली. मासा क्षणभर तिथंच राहिला, मग गेला. गॉर्डन जवळ आला, टोपी काढली, परत घातली. "एप्रिलमध्ये भेटू, डॉक्टर," म्हणाला आणि आपल्या गाडीकडं निघून गेला.

भाऊबीजेला पुण्याहून सुनीतीताईंचा फोन आला तेव्हा मी तिथंच चिवडा खात होतो. त्यांनी भावाला विचारलं असावं, यंदाची राखी कशी होती.

"चांगली मजबूत होती," पुरुषोत्तमराव म्हणाले. बाईंकडं बघितलं. "पुढच्या वर्षी दोन पाठव."