बाबांचं जाड अक्षर

बाबांचं अक्षर लालबागमध्ये कुणीही ओळखायचं, आणि त्या दिवसांत मला त्याचीच धास्ती वाटे.

ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्याकडची दुकानं अरुंद आणि त्यांची नावं लांबलचक. म्हणून बाबांनी स्वतःचं एक वळण बसवलं होतं: जाड, उंच, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरं, आणि प्रत्येक टोक गोल. महायुद्धाच्या आधीच्या काळातली वाटायची ती. नवे पेंटर हसायचे, पण बाबांनी वळण बदललं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चासाठी चाळीतल्या मंडळींनी त्यांच्याकडून कापडी फलक लिहून घेतला. लांबून वाचता आला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मोर्चाला बंदी होती. गॅलरीतून फलक जाताना पाहिला. खाली बाबांची सही असल्यासारखाच होता तो.

पोलिसांनी फलक जप्त केला. दोनच दिवसांत एक इन्स्पेक्टर तो काखोटीला मारून आमच्या दारात आला. खालच्या मसालेवाल्यानेच त्याला वर आणलं, तेही कौतुकाने.

"साहेब, असं अक्षर अख्ख्या मुंबईत एकाच माणसाचं!"

आईने मसालेवाल्याकडे असं पाहिलं की तो तिथूनच मागे फिरला.

इन्स्पेक्टरने फलक जमिनीवर पसरला. मग सोबतच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत म्हणाला, कोठडीत जागा उरलेली नाही. हा ‘मी नाही लिहिलं’ म्हणाला की तसं लिहू आणि निघू. घरात इंग्रजी फक्त मला कळत होतं. मामांच्या हट्टामुळे मी इंग्रजी शाळेत गेले होते.

"पेंटर, कुणीतरी तुमची नक्कल केलेली दिसते. होय ना?"

बाबा उकिडवे बसले आणि फलक न्याहाळू लागले.

"बाबा, हो म्हणा," मी म्हणाले. परक्या माणसांसमोर मी सहसा तोंड उघडत नसे. इन्स्पेक्टरने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पोरगी काय सांगतेय, ऐका," आई म्हणाली.

बाबा एका अक्षराच्या कडेवरून बोट फिरवत होते. "नक्कल? साहेब, ही गोलाई नकलेत येते होय? कापड चुरगळलंय, तरी कुठे हात हललेला दिसतो का बघा."

"म्हणजे तुम्हीच लिहिलंत?"

"मग दुसरं कोण लिहिणार?"

इन्स्पेक्टरने फलकाची घडी घातली. "सदरा घाला," तो म्हणाला.

बाबांनी सदरा चढवला. जाताना मला म्हणाले, "ब्रश रॉकेलात टाक गं, कडक होतील."

खाली जीप सुरू झाली. मी एकेक ब्रश डब्यात बुडवत होते. आई माझ्या शेजारी येऊन बसली.

"कधी सोडणार, ते काही बोलला का गं तो इंग्रजीत?"

त्याबद्दल तो काहीच बोलला नव्हता.